मायनस ११० मध्ये तीन मिनिटं: क्रायोथेरपीला जायच्या आधी काय काय विचारायचं

होल बॉडी क्रायोथेरपी म्हणजे मायनस ११० डिग्री सेल्सियस वगैरे तापमानात अंगावर जवळजवळ काही न घालता दोन-तीन मिनिटं उभं राहायचं आणि वर त्याचे पैसे द्यायचे. आमच्या रनिंग ग्रुपला सध्या याचंच वेड लागलंय, रविवारचा लाँग रन झाला की कोणीतरी त्या धूर निघणाऱ्या डब्यातला फोटो टाकतंच आणि खाली सगळे सुरू, कसं वाटलं, किती घेतले, गुडघ्याला फरक पडला का. मी पुण्यात दोन ठिकाणी जाऊन आले, एका ठिकाणी करून घेतलं आणि एका ठिकाणी नुसती चौकशी करून बाहेर पडले. नावं देत नाहीये, कारण तुमच्या शहरात, तुमच्या गल्लीत जे सेंटर असेल तिथे काय बघायचं आणि काय विचारायचं ते कळलं म्हणजे झालं.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की क्रायो क्रायो म्हणून जे चाललंय त्यात दोन अगदी वेगळ्या मशिनी आहेत आणि काउंटरवरची मुलं दोन्हीला एकच नाव सांगतात. एक म्हणजे तो उभा डबा, ज्यात तुम्ही उभे आणि मुंडकं तेवढं बाहेर, आत लिक्विड नायट्रोजनची वाफ सोडतात, फोटोत जो पांढरा धूर दिसतो तो या थंडीने हवेतलं बाष्प गोठून झालेला. म्हणजे खरं बघायला गेलं तर ती होल बॉडी नाहीच, मानेखालची बॉडी. दुसरी म्हणजे विजेवर चालणारी खोली, त्यात डोक्यासकट आख्खे आत जाता, आत साधी हवाच असते फक्त मशीनने गार केलेली, फ्रीजसारखीच पण कैकपट जास्त. खोली उभारायला खर्च जास्त येतो आणि जागाही लागते म्हणून छोट्या सेंटरला बहुतेक डबाच असतो. फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, नायट्रोजन आहे का इलेक्ट्रिक, आणि समोरच्याला उत्तर देता आलं नाही तर तिथेच फोन ठेवून द्या.

नायट्रोजनचं मी इतकं का लावून धरलंय तर त्याला कारण आहे. लिक्विड नायट्रोजन मायनस १९६ ला उकळतो आणि एक लिटर लिक्विडचा जवळपास ७०० लिटर गॅस होतो. बंद खोलीत तो पसरला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, आपल्या नेहमीच्या हवेत २१ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली गेला की धोका मानतात. आता गंमत बघा, गंमत कसली, भीतीच आहे, की आपल्याला श्वास कोंडल्यासारखं जे वाटतं ते कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे वाटतं, ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही. नायट्रोजनला वास नाही रंग नाही, श्वास नेहमीसारखा चालूच राहतो, माणसाला काही कळायच्या आत तो खाली पडतो. २०१५ मध्ये अमेरिकेत नेवाडात अशाच एका सेंटरमधली कामाला असलेली तरुण मुलगी सेंटर बंद झाल्यावर एकटीच मशीनमध्ये गेली आणि दुसऱ्या दिवशी मेलेली सापडली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका जिममध्ये नायट्रोजन गळून तिथल्या कर्मचारी बाईचा जीव गेला. दोन्हीकडे जीव गेला तो त्या मशीनजवळ रोज वावरणाऱ्या बाईचा, म्हणजे नवख्या गिऱ्हाइकालाच धोका असतो असं नाही, हे लक्षात घ्या.

म्हणून मी पहिल्या ठिकाणी गेले तेव्हा विचारलं की इथे ऑक्सिजन मॉनिटर कुठे लावलाय. तो मुलगा बिचारा चांगला होता, बोलायला गोड, पण म्हणाला मॅडम सगळं मशीनमध्ये इनबिल्ट असतं, तुम्ही टेन्शन घेऊ नका. खोली होती साधारण आपल्या बेडरूमएवढी, एसी चालू, खिडकी सील केलेली, नायट्रोजनचं सिलिंडर त्याच खोलीत कोपऱ्यात उभं. भिंतीवर मीटर नाही, एक्झॉस्ट फॅन होता तो बंद. मी म्हटलं तो पंखा का बंद आहे तर म्हणे आवाज येतो, क्लायंटला रिलॅक्स वाटत नाही. मी थँक्यू म्हणून निघाले. तुम्हीही विचारा, भिंतीवर मॉनिटर लागतो आणि तो वाजला तर काय करायचं हे तिथल्या माणसाला पाठ पाहिजे. आणि डब्याच्या मशीनमध्ये खालचा प्लॅटफॉर्म वर उचलून तुमचं डोकं कडेच्या पुरेसं वर येतंय ना ते स्वतः बघा, बुटक्या माणसांनी तर नक्कीच, माझी उंची पाच फूट एक इंच आहे त्यामुळे मला हे चटकन सुचलं. थंड नायट्रोजन जड असतो, खाली साठतो, म्हणजे आत वाकून काही उचलायचं वगैरे अजिबात नाही.

दुसरं सेंटर इलेक्ट्रिक खोलीवालं होतं. तिथे आधी फॉर्म दिला, चार पानी, बारीक अक्षरात, आणि त्यातली निम्मी पानं काही झालं तर आमची जबाबदारी नाही याच अर्थाची. ते सगळीकडेच असणार. पण इथे एक फिजिओथेरपिस्ट बसली होती, तिने बीपी घेतलं, औषधं काय चालू आहेत विचारलं, थंडीत बोटं पांढरी पडतात का विचारलं, अंगावर गांधी उठतात का विचारलं, पाळी, प्रेग्नन्सी सगळं. तिथे माझा अर्धा विश्वास बसला. जिथे बीपी न घेता थेट रोब हातात देतात तिथून सरळ मागे फिरा.

मग अंगावरचं काढायचं. आता इथे आपल्याकडच्या बायकांसाठी वेगळं लिहायलाच पाहिजे कारण ते कुठल्याच सेंटरच्या पोस्टरवर नसतं. धातूचं काहीही अंगावर नको, म्हणजे मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं हे तर कळतं, पण जोडवी? माझी जोडवी लग्नापासूनची, सहज निघत नाहीत, तिथे बसून साबण लावून काढली आणि मग पाय परत पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबवलं त्यांनी. घरूनच काढून जा. चमकीचंही तेच, मळसूत्राची चमकी असेल तर सोनाराकडे जायची वेळ येईल. केसांना तेल नको, अंगाला लोशन, बॉडी ऑइल काही नको, न्हाऊन ओल्या केसांनी तर जाऊच नका. व्यायाम करून घामेजून थेट जायचं नाही, आधी अंग कोरडं. आतले कपडे सुती, तार असलेली ब्रा चालत नाही. मोजे, हातमोजे, कान झाकायला पट्टी, नाकातोंडाला मास्क आणि लाकडी तळाच्या चपला हे ते देतात, पण मोजे हातात घेऊन चाचपून बघा की खरंच कोरडे आहेत. ओला मोजा म्हणजे काय होतं त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे, अमेरिकेचा धावपटू जस्टिन गॅटलिन २०११ च्या देगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या तोंडावर ओल्या मोज्यांनी क्रायो चेंबरमध्ये गेला आणि पायांना फ्रॉस्टबाइट, म्हणजे थंडीने कातडी गोठून होणारी इजा, घेऊन बाहेर आला. वर्ल्ड क्लास माणूस, सोबत आख्खी टीम, तरी.

आता आत काय होतं ते. पहिली छोटी खोली मायनस ६० ची, तिथे अर्धा मिनिट उभं केलं, मग आतल्या दारातून मायनस ११० मध्ये. दार लॉक होत नाही, आतून नुसतं ढकललं की उघडतं, हे त्यांनी दोनदा करून दाखवलं आणि मलाही करायला लावलं. बाहेर काचेपलीकडे ती फिजिओ उभी, स्पीकरवरून बोलत राहते, मिनिट झालं, चालत राहा, हात वर ठेवा, खोल श्वास घेऊ नका, नाकाने हळू. पहिलं मिनिट खरंच काही विशेष नाही, म्हणजे मी ज्या तयारीने गेले होते त्या मानाने अगदीच सौम्य, कोरडी थंडी, पापण्यांवर बर्फाची बारीक भुकटी जमली तेवढंच. दुसऱ्या मिनिटात मांड्यांना सुया टोचायला लागल्या, दंडांना पण. शेवटचं अर्धं मिनिट मात्र संपता संपत नव्हतं, दात वाजत होते, मी मनातल्या मनात पाढे म्हणत होते. तीन मिनिटांनी बाहेर.

बाहेर आल्यावर काय वाटतं तर भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. कातडी लाल, सगळं अंग झिणझिणतंय, डोकं एकदम लख्ख, उगाच हसू येतंय. हे काही मनाचे खेळ नाहीत बरं का, थंडीचा झटका बसला की अंगात नॉरएपिनेफ्रिन हे तरतरी आणणारं हार्मोन वाढतं, फिनलंडमध्ये बायकांवर तीन महिने अभ्यास झालाय त्यात ते दुपटी-तिपटीने वाढलेलं दिसलं, आणि त्यांच्यात एक गट मायनस ११० च्या खोलीत जाणारा होता आणि दुसरा गट नुसता बर्फाळ पाण्यात डुंबणारा, दोघींचं सारखंच वाढलं. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवते. माझ्या गुडघ्याचं म्हणाल तर दुपारपर्यंत दुखणं जवळजवळ गायब, संध्याकाळी सोसायटीचा जिना चढताना परत आपला ओळखीचा गुडघा हजर. रात्री झोप मस्त लागली पण सकाळी अठरा किलोमीटर पळून आलेल्या माणसाला झोप कशानेही लागते.

लोक विचारतात मायनस ११० मध्ये माणूस मरत कसा नाही. कारण हवा. कोरडी हवा उष्णता फार हळू ओढून घेते, पाणी तिच्यापेक्षा पंचवीसएक पटीने जास्त. कातडी झटकन गार होते पण आतल्या शरीराचं तापमान तीन मिनिटांत फारसं हलत नाही. म्हणजे बोर्डावर मायनस १४० लिहिलंय का मायनस ११० यावरून कोण भारी हे ठरत नाही, डब्याच्या मशीनमध्ये तर सेन्सर कुठे बसवलाय त्यावर तो आकडा बदलतो. "आमचं मशीन जास्त थंड" हे ऐकून कोणी जास्त पैसे देऊ नका.

आता मला जे खरं सांगायचंय ते. ही थेरपी सुरू झाली जपानमध्ये, १९७८ च्या सुमारास डॉ. यामाउची यांनी आमवाताच्या पेशंटसाठी सुरू केली. कल्पना साधी होती, थंडीने सांधे थोडा वेळ बधिर होतात, दुखणं दबतं, तेवढ्या वेळात त्या पेशंटकडून व्यायाम करून घ्यायचा जो एरवी दुखण्यामुळे होत नाही. पुढे जर्मनीत आणि पोलंडमध्ये हे उचललं गेलं, पोलंडला व्रोत्सवाफमध्ये १९८९ ला चेंबर आलं, तिथे हॉस्पिटलं आणि रिहॅबमध्ये हे नीट रुजलं, डॉक्टर तपासतो, चेंबर, आणि लगेच फिजिओच्या देखरेखीखाली व्यायाम, असं दहा-वीस वेळा. पोलंडच्या स्पाला गावात ऑलिंपिकचं ट्रेनिंग सेंटर आहे तिथे २०११ च्या वर्ल्ड कपआधी वेल्सची रग्बी टीम जाऊन राहिली होती, अशा टीममुळे खेळाडूंच्यात याची हवा झाली. आणि आपल्यापर्यंत येताना काय झालं, तर चेंबर तेवढं आलं आणि व्यायाम वाटेतच राहिला. इथे बाहेर आल्यावर ग्रीन टी देतात, सोफ्यावर बसवतात आणि पॅकेजचं कार्ड पुढे करतात. मी फिजिओला विचारलं की आता गुडघा हलका झालाय तर काही व्यायाम करून घेणार का, ती म्हणाली तो वेगळा चार्ज आहे. ती तरी काय करणार, तिला पगार मशीनसाठी मिळतो. पण दुखणं दबलेले ते दोन-तीन तासच खरे कामाचे आहेत, ते सोफ्यावर घालवायचे असतील तर मग फोटोसाठीच गेलात म्हणायचं. तुमचा आधीचा फिजिओ असेल तर त्याच्याशी बोला, त्याने दिलेले व्यायाम क्रायोनंतर घरी जाऊन लगेच करा.

फायद्यांच्या यादीकडे तर बघूच नका. तिथल्या पोस्टरवर वजन, त्वचा, केस, इम्युनिटी, डिप्रेशन, डायबेटिस सगळं होतं, कावीळ तेवढी राहिली होती. अमेरिकेत औषधांना आणि उपचारांच्या मशीनला मान्यता देणारी सरकारी संस्था म्हणजे एफडीए, तिने २०१६ लाच जाहीर सांगितलं की होल बॉडी क्रायोथेरपीच्या कुठल्याही मशीनला आम्ही कुठल्याही आजारावरच्या उपचारासाठी मान्यता दिलेली नाही. म्हणजे "एफडीए अप्रूव्हड" असं कोणी म्हणालं तर कागद दाखव म्हणा, बहुतेक वेळा चरबी गोठवायचं ते क्रायोलिपोलिसिसचं मशीन असतं त्याचं बोट धरून हे चालू असतं, ती वेगळी गोष्ट आहे, एका जागी लावतात. व्यायामानंतर अंग दुखतं त्याच्यासाठी २०१५ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पारखणाऱ्या संस्थेने, तोपर्यंतचे अभ्यास तपासले, हाताला चारच लागले, त्यात मिळून ६४ माणसं आणि बहुतेक सगळे तरुण पुरुष. त्यावरून फायदा होतो असं ठामपणे म्हणता येत नाही असं त्यांनी लिहिलं. आम्ही चाळिशीच्या बायका त्या ६४ मध्ये जवळपास नव्हतोच. आणि ते कॅलरीचं, तीन मिनिटांत ८०० कॅलरी जळतात म्हणे. साठ किलोच्या माणसाला तेवढ्या जाळायला तेराएक किलोमीटर पळावं लागतं, रनर लोकांनी तरी यावर हसायला पाहिजे, आमच्याच ग्रुपमध्ये दोघांनी हे फॉरवर्ड केलं.

मग पैसे वाचवायचे असतील तर? मघाशी म्हटलं ना, फिनलंडच्या बायका. पाणी जास्त उष्णता ओढतं, त्यामुळे १० ते १५ डिग्रीच्या पाण्यात दहाएक मिनिटं बसलं तर स्नायू आतपर्यंत क्रायोच्या खोलीपेक्षाही जास्त गार होतात. आमच्यातले एक काका गच्चीवर मोठा निळा ड्रम ठेवून बर्फाची लादी फोडून टाकतात आणि लाँग रननंतर कमरेपर्यंत बसतात, त्यांना महिन्याचा बर्फ माझ्या एका सेशनपेक्षा स्वस्त पडतो. अर्थात पाण्यात एकदम उतरल्यावर श्वास लागतो, छाती धडधडते, तेव्हा तेही एकट्याने करायचं नाही आणि हार्टवाल्यांनी तर नाहीच. जिमवाल्यांसाठी एक, वजनं उचलून झाल्यावर रोज लगेच गार पाण्यात बसलात तर स्नायू वाढायचं प्रमाण कमी होतं असं दिसून आलंय, तेव्हा मसल बनवायचे दिवस आणि बर्फाचे दिवस वेगळे ठेवा.

कोणी जाऊ नये हे सेंटरवाल्यांच्या भरवशावर सोडू नका. बीपी कंट्रोलमध्ये नाही, हार्टचा त्रास, पेसमेकर, पायात रक्ताची गुठळी झालेली, फिट येते, गरोदर आहात, उघडी जखम, खूप अ‍ॅनिमिया, थंडीने अंगावर पित्त उठतं, बंद जागेची भीती, यातलं काही असेल तर नाही. आणि आपल्याकडे घरोघरी असलेली शुगर. नुसत्या शुगरचं एक वेळ डॉक्टरला विचारून ठरवा, पण पायाला बधिरपणा आला असेल तर अजिबात नाही, कारण कातडी भाजल्यासारखी झाली तरी त्या माणसाला कळणारच नाही.

माझ्या नणंदेला आमवात आहे, मी करून आल्याचं कळल्यावर त्यांचा लगेच फोन, अगं मला घेऊन चल, हे तर आमच्याच आजारासाठी काढलंय म्हणतेस. मी म्हटलं ताई, महाबळेश्वरला डिसेंबरमध्ये तुमची बोटं पांढरीफटक पडली होती आणि मग निळी, आठवतंय? त्यांना वाटत होतं ते सगळ्यांनाच होतं. त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले हे रेनॉड्स आहे, थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात तो त्रास, आमवातासोबत असू शकतं, आणि अशा पेशंटला त्या खोलीत पाठवायचं नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सुरू झालं त्यांच्यातल्याच काहींना ते चालत नाही, आणि हे फॉर्म भरताना त्यांनी टिक केलंच नसतं कारण आपल्याला रेनॉड्स आहे हे माहितीच नव्हतं. ताई थोड्या नाराज झाल्या, आता गरम पाण्याच्या पिशवीवर परत आल्यात.

रेटिंग द्यायचं तर दुसऱ्या सेंटरला पाचात साडेतीन. स्वच्छता, कोरडे मोजे, बीपी, काचेपलीकडे सतत उभा माणूस, यासाठी पैकीच्या पैकी. पोस्टर आणि पॅकेजच्या मागे लागण्यासाठी दीड कापला. एका सेशनचे अडीच हजार अधिक जीएसटी, पहिल्यांदा म्हणून थोडी सूट मिळते ती मागून घ्यावी लागते, स्वतःहून सांगत नाहीत. दहाचं पॅकेज स्वस्त दिसतं पण व्हॅलिडिटी तीन महिन्यांची आणि रिफंड नाही, मध्ये सर्दी-ताप झाला किंवा मशीन बंद पडलं तर दिवस वाढवून मिळतात का ते लेखी घ्या, मला तोंडी हो म्हणाले आणि कागदावर तसं काही नव्हतं म्हणून मी पॅकेज घेतलं नाही. मोठ्या रेसच्या दुसऱ्या दिवशी एखाद वेळा परत जाईन, तेही व्यायामाचा मॅट गाडीत टाकूनच. सकाळी अकराच्या आत गर्दी नसते, टू-व्हीलरला खाली जागा आहे, चारचाकी लांब लावावी लागते, आणि दागिन्यांसाठी लॉकर आहे पण किल्ली एकच चालू होती, तेव्हा सोनंनाणं घरीच ठेवा.